बोट किनाऱ्यावर आहे तोवर

पत्र आलंय गुहागर तालुक्यातल्या एका माहेरवाशिणीचं. लांब आहे, गाभा तेवढा देते.

"ताई, मला चिपळूणला दिलीय. धाकटा भाऊ २६ वर्षांचा, आयटीआय फिटर. तीन वर्षं एका कंपनीत ठेकेदाराकडे होता. रात्रपाळी, त्यावर डबल. जागं राहायला तिथेच कुणीतरी त्याला पावडर दिली, एमडी म्हणतात ती. आधी रात्रपाळीपुरती घ्यायचा, मग सुट्टीलाही. खाडे वाढले आणि दिवाळीनंतर ठेकेदाराने बोलावणंच बंद केलं. आता आठ महिने घरी आहे. दोन दोन रात्री झोपत नाही, मग दोन दिवस उठत नाही. शेजारचे पाळत ठेवतात म्हणतो. बाबा म्हणतात, रिकामा बसलाय म्हणून हे चालू आहे, काम लागलं की आपोआप सुटेल. हर्णैच्या मामांची बोट आहे. ते म्हणतात, नारळी पौर्णिमेनंतर पाठवा, समुद्रात त्याला पुडी कोण आणून देणार? आई लग्नाचं बघतेय. मी त्याची उधारी फेडायला पाटली गहाण ठेवली, घरात सांगितलेलं नाही. दवाखान्यात नेला तर पोलीस केस होते का? आणि मामांना काय सांगू, हो की नको?"

बाय, माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून 'तू'च म्हणते.

मामांना हो सांग. पण समुद्रावर जायला नव्हे, बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली आहे तोवरच्या कामाला. असं अर्धं उत्तर का देतेय, ते नीट सांगते.

आधी तुझ्या बाबांचं बोलणं घेऊ, कारण हे वाक्य मी दर महिन्याला कुठल्या तरी पडवीत ऐकते. रिकामा म्हणून बिघडला, कामाला जुंपा, सुधारेल. त्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. अमेरिकेचं सरकार दरवर्षी यावर घरोघरी विचारून मोठी पाहणी करतं. २०१३ च्या पाहणीत बेकार प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांनी मागच्या महिन्याभरात कुठला ना कुठला बेकायदा पदार्थ घेतलेला होता, आणि पूर्णवेळ नोकरी असणाऱ्यांत हेच प्रमाण ९.१ टक्के होतं. बरोबर दुप्पट. बाबा म्हणतील, बघ, मी काय सांगत होतो! पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. असे पदार्थ घेणारे जे प्रौढ सापडले, त्यांच्यातले ६८.९ टक्के कामाला जात होते. दहातले जवळजवळ सात जण डबा घेऊन घराबाहेर पडणारे, हजेरी लावणारे. यात गांजा ओढणारेच जास्त, आणि अमेरिका म्हणजे काही आपलं शृंगारतळी नव्हे, हे मला कळतं. तरी मुद्दा तोच राहतो. बेकारांत प्रमाण जास्त, पण माणसं मोजायला बसलं तर बहुतेक कामावरचीच निघतात.

आधी काम गेलं की आधी नाद लागला, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. तुझ्या भावाचं मात्र तू स्वतःच लिहिलंयस. आधी पाळी, मग पावडर, मग खाडे, मग घर. हातात काम असताना जे लागलं, ते पुन्हा काम हातात आल्यावर आपोआप कसं जाईल? हे बाबांना विचार. भांडून नको, जेवताना विचार.

बाकीच्या नशांपेक्षा या जातीच्या नशेचं कामाशी नातं वेगळं आहे. दारू बहुतेक जण काम आटोपल्यावर घेतात. अंगात तरतरी आणणारी ही औषधं कामासाठी म्हणूनच हातात येतात. जपानात १९४१ पासून मेथॅम्फेटामाइन या अशाच तरतरीच्या औषधाच्या गोळ्या 'हिरोपोन' नावाने राजरोस दुकानात मिळत. या नावाचं मूळ ज्या ग्रीक शब्दात सांगतात, त्याचा अर्थ 'कष्टांची आवड असलेला'! युद्धाच्या काळात सैनिकांनी आणि कारखान्यातल्या रात्रपाळीवाल्यांनी त्या खाल्ल्या. युद्ध संपल्यावर इतके लोक त्यात अडकले की १९५१ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. थायलंडात अशाच गोळ्यांना पूर्वी 'घोड्याचं औषध' म्हणत. ट्रकवाले घेत, मजूर घेत, मासेमारीच्या बोटींवरचे खलाशीही घेत. हे शेवटचं मामांना वाचून दाखव. समुद्रात पुडी मिळत नाही हा त्यांचा विश्वास फार भाबडा आहे. पुडी माणसाच्या खिशातून जाते, तिला बंदर लागत नाही. आणि २०२३ च्या ऑगस्टात दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं लाटांबरोबर आली होती, ती हर्णैला काही कुणी विसरलेलं नसेल.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. 'नोकरीत' आणि 'बेकार' असे दोन सरळ रकाने कोकणात जमतच नाहीत. एकच पोरगा मार्च ते मे आंब्याच्या पॅकिंगला रात्री जागतो, जूनमध्ये लावणीला उतरतो, जुलैत खळ्यात बसून फोन बघतो, डिसेंबरात समुद्राकाठच्या हॉटेलात असतो. तो बेकार की कामावर? मला जोखमीचे वाटतात ते सांधे. हंगाम संपतो, हिशेब होतो, हातात एकदम नोटा येतात आणि दुसऱ्या दिवशी करायला काही नसतं. नुसतं रिकामपण असतं तेव्हा पुडीला पैसे नसतात आणि नुसतं काम असतं तेव्हा निदान वेळ नसतो. पैसा आणि वेळ एकाच दिवशी आले की घात होतो. तुझ्या भावाला ठेकेदाराने काढला तेव्हा शेवटचा पगार आणि दिवाळीचं काय मिळालं असेल ते एकदमच हाती आलं असणार. तो महिना आठवून बघ.

आता थोडं शरीराचं. एमडी म्हणजे मेफेड्रोन. चढतं पटकन आणि उतरतंही लवकर, म्हणून एका रात्रीत माणूस पुन्हा पुन्हा घेतो. भूक मरते, जबडा घट्ट धरला जातो, छाती धडधडते. झोप उडते, आणि झोप नाही म्हटल्यावर दोन-तीन दिवसांत संशय सुरू होतो. शेजारचे पाळत ठेवतात हे त्यातलंच. बहुतेकांचं हे पावडर थांबून झोप परत आली की काही दिवसांत निवळतं. काहींचं निवळत नाही, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला दाखवणं टाळू नकोस. मग ते दोन दिवस न उठणं. त्याला घरात आळस म्हणत असतील. तो आळस नव्हे, ती उतरण. त्या दिवसांत माणूस फार खाली जातो, जगणं नको होतं. नेमकं त्याच दिवसांत घरचे दार वाजवून 'ऊठ, किती लोळशील' म्हणतात. तेव्हा जेवण ठेवा, पाणी ठेवा, दाराला कडी लावू देऊ नका आणि बोलणी तिसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा.

छातीत दुखलं, अंग तापून फणफणलं, झटका आला, किंवा तो जिवाचं बरंवाईट करायचं बोलायला लागला, तर कुणाला विचारत बसू नका. १०८ ला फोन करा.

तू लिहिलेलं नाहीस, पण तो रात्री उतरवायला दारू घेतो का ते बघ. रोज घेत असेल तर दारू एकदम बंद करायची नाही. पावडर बंद केल्याने सहसा जीव जात नाही, पण रोजची दारू अचानक तोडल्याने जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या हाताखालीच व्हायला हवं.

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे बोटीला मी का अडते ते कळेल. सात-आठ वर्षांपूर्वी असंच एक घर माझ्याकडे आलं होतं. मुलगा वीस दिवस उपचार घेऊन आलेला, गोरा-गोमटा, बोलायला गोड. मीच म्हणाले, रिकामा ठेवू नका, मिळेल ते काम धरू दे. त्याला समुद्रकाठच्या एका हॉटेलात लावला. डिसेंबर होता. रात्री दोनपर्यंत टेबलं, पहाटे चेक-आउट, वर गिऱ्हाइकांची रोख बक्षिसी, आणि पार्टीला आलेल्यांपैकी कोण काय घेऊन आलंय ते पोरांना न सांगता कळतं. एकतीस तारखेला तो परत सुरू झाला. त्याची आई मला काहीच बोलली नाही, आणि तेच लागलं. त्या मुलाची नोकरी सुरू होती, पगार येत होता, कागदावर सगळं उत्तम होतं. काम लावा म्हणताना कुठलं काम, किती वाजताचं, पैसे कसे मिळणारं, एवढं विचारायची तसदी मी घेतली नव्हती.

दुसरा एक होता तो रोपवाटिकेत गेला. पावसाळ्यात कोय कलमं बांधतात ना, कोवळ्या तांबूस पानांच्या रोपाचा शेंडा छाटून, चिरून, त्यात पाचर केलेली काडी बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. पहिला आठवडाभर त्याला पट्टी गुंडाळताच येईना. बोटं थरथरायची, काडी निसटायची. मालक शहाणा माणूस, त्याने त्याला पिशव्यांत माती भरायला बसवला आणि दुपारी शेडमध्ये झोपू दिला. चौथ्या आठवड्यात तो दिवसाला शंभरच्या वर कलमं बांधायला लागला. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मजुरी शनिवारी, आणि ती आईच्या खात्यावर. गणपतीत मुंबईची पोरं आली तेव्हा एकदा घसरला. दोन दिवस आला नाही. मालकाने काढला नाही, तिसऱ्या दिवशी परत मातीच्या पिशव्यांवर बसवला. आज तो मुलगा ठीक आहे असं त्याच्या मालकाकडून कळतं. उद्याचं मी सांगत नाही.

दोघांनाही कामच मिळालं होतं. म्हणून तुझ्या मामांच्या बोटीकडे मी अशी बघते. समुद्रावर गेलं की झोपेला वेळ राहत नाही. मासळीच्या वेळेला जाळं टाकायचं, मग रात्र असो की पहाट. मोठी बोट असेल तर किनारा काही दिवस दिसत नाही. मध्येच त्याची उतरण सुरू झाली तर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, काय करणार? बोट वळवेल? त्यात विंच, ताणलेले दोर, ओला डेक. दोन रात्री न झोपलेला माणूस तिथे उभा करणं म्हणजे त्याच्या बोटांशी आणि दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. आणि तिथे बारा-चौदा तास जागायला लागलं, की याच्या डोक्यात पहिली आठवण कसली येईल? जागं राहायचं औषध त्याला ठाऊक आहे. त्याच्या मेंदूने रात्रीचं काम आणि ती पावडर यांची गाठ तीन वर्षं घट्ट बांधलीय. ती सुटायला महिने लागतात.

शिवाय उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशांचा प्रश्न. हंगामाआधी खलाशांना उचल देतात, मामा भाच्याला प्रेमाने जरा जास्तच देतील. ती पहिल्या दिवशीच संपेल.

पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, आणि पुढे नारळी पौर्णिमेपर्यंत बऱ्याच बोटी वरच असतात. त्या काळात काय चालतं ते मामांना मी सांगायला नको. इंजिन खोलायचं, पंप बघायचा, तळ खरवडायचा, रंग काढायचा, जाळी दुरुस्त करायची. तुझा भाऊ फिटर आहे. म्हणजे त्याच्या हाताला येणारं, दिवसाउजेडी होणारं, संध्याकाळी संपणारं काम मामांच्याच दारात आत्ता या घडीला आहे. शिवाय गाव बदलतं, जुनी पोरं दारात येत नाहीत. मामीच्या हातचं दोन वेळचं जेवण. याहून चांगलं पहिलं काम मला शोधूनही मिळालं नसतं.

पण डॉक्टरला दाखवून मगच, आणि मामांना खरं सांगून. 'जरा अशक्त आहे' असलं काही सांगू नका. मामांना चार गोष्टी आधी मान्य करायला लाव: उचल नाही. मजुरी आठवड्याला तुझ्या आईच्या खात्यावर, त्याच्या हातात चहा-बिडीपुरते. पहिले आठ-दहा दिवस कामाची घाई नाही, झोप झाली तरी पुष्कळ. आणि घसरला तर त्या दिवशी काम नाही, पण तो शुद्धीवर आला की परवा परत या. हे शेवटचं मामांना सर्वात जड जाईल. एकदा हाकलला की संपलं, असा आपला हिशेब असतो. या आजारात घसरणं धरूनच चालावं लागतं.

पौर्णिमेनंतर काय? तेव्हा बघायचं. रात्री सलग झोपतो का, मूत्रतपासणी स्वच्छ येते का, स्वतः काय म्हणतो. तपासणीत ही पावडर साधारण दोन-चार दिवसांपर्यंतच दिसते, म्हणून ती डॉक्टर ठरवतील तशी वरचेवर करावी लागते, आणि त्याला सांगून, चोरून नव्हे. तेव्हाही बोटीवर जायचंच झालं तर सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या छोट्या होडीवर. नाहीतर बंदरावर, इंजिन दुरुस्तीच्या गॅरेजात. कंपनीत परत जायचा हट्ट त्याने धरला तर एवढंच म्हणेन की आठवड्याला ४८ तास आणि वरच्या तासांना दुप्पट मजुरी हे १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यापासून चालत आलंय. डबलवर डबल मारायला लावणारा ठेकेदार 'पोरं व्यसनी निघाली' म्हणतो तेव्हा मला हसू येत नाही.

बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग बरीच वर्षं चालवला. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या बेकार माणसांना पगारी काम द्यायचं, पण त्या दिवशीची तपासणी स्वच्छ असेल तरच कामावर घ्यायचं. नसेल तर उद्या परत या. हे नियम लागू होते तोवर कोकेन घेणाऱ्यांतही फरक पडला. नियम उठले तसे पुष्कळ जण मागे वळले. काम हे हत्यार म्हणून चालतं, पण ते हातात धरून ठेवावं लागतं. बाबांना वाटतं तसं लावलं आणि सुटलं, असं ते नाही.

आता तुझी पोलिसांची भीती. उपचाराला नेला म्हणून केस होत नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये व्यसनाशी जोडलेले मानसिक त्रासही येतात, आणि रुग्णाची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात तर कलम ६४-अ असं आहे की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. मेफेड्रोन २०१५ पासून या कायद्यात आहे. त्याचं अल्प प्रमाण २ ग्रॅमच्या आत, आणि ५० ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण धरतात, तिथे किमान दहा वर्षं कैद. पण हे सगळं स्वतः घेणाऱ्यापुरतं. उधारी फेडायला तो दुसऱ्यांना पुड्या पोचवत असेल तर गोष्ट पार वेगळी होते. हे त्याला एकदा सरळ विचार. उत्तर 'हो' आलं तर डॉक्टरबरोबर वकीलही गाठ.

कुठे न्यायचं? रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचं आहे. नावाला घाबरू नकोस, बाह्यरुग्ण विभागात दाखवून लोक संध्याकाळच्या एसटीने घरी जातात. घरापासून लांब राहून उपचार हवे असतील तर पुण्याचं मुक्तांगण आहे, १९८६ साली सुरू झालेलं. फोनवर आधी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मन फार खाली गेलं असेल तर टेलि-मानस १४४१६. दोन्ही फुकट. अफूच्या नशेला जशा ठरलेल्या गोळ्या आहेत तशी या पावडरीवर अजून एकही खात्रीची गोळी नाही. उपचार म्हणजे झोप, खाणं, सोबतच्या नैराश्यावर किंवा संशयावर लागतील ती औषधं, आणि आठवड्याला बसून बोलणं. त्यामुळे चहातून गुपचूप द्यायची पूड विकणारा कुणी भेटला तर पैसे वाचव. घरातून रात्री उचलून नेणारी, बांधून ठेवणारी 'केंद्रं' असतात, तिकडे तर बघूही नकोस; साखळीने बांधणं कायद्यानेच बंद आहे. केंद्राची नोंदणी आहे का ते आधी विचारायचं.

आणि आईने देवाला गाऱ्हाणं घातलं असेलच, तू लिहिलं नाहीस तरी मला माहीत आहे. घालू दे. 'होय म्हाराजा' म्हणायला मीही उभी राहीन. फक्त कुणी 'बाहेरचं' सांगून कोंबडा-नारळाच्या पुढे खर्च काढला तर तिथे थांबवा.

लग्नाचं मी दोन ओळींत संपवते. मुलीकडच्यांना सांगून करणार आहात का? नाही ना. मग आईला म्हणावं, दुसऱ्याच्या लेकीला आपल्या घरचं औषध करू नका.

त्याच्याशी बोलायचं कसं, हे तू विचारलं नाहीस, पण तिथेच सगळं अडतं. रात्री आल्यावर नको, उतरणीच्या दिवशी नको. पोटभर झोपून उठेल, दोन घास खाईल, मग आगरात घेऊन जा. नारळाच्या बुंध्याशी बसून बोलणं माजघरापेक्षा सोपं असतं, समोरासमोर बघावं लागत नाही. 'का घेतोस' विचारू नकोस, त्याचं उत्तर त्यालाही ठाऊक नसतं. 'पहिल्यांदा घेतलंस तेव्हा कुठली पाळी होती रे? त्या दिवशी किती तास झाले होते?' असं विचार. कामाबद्दल विचारलं की ही मुलं बोलतात. व्यसनी म्हणून विचारलं की मिटून घेतात. तीन वर्षं तो पहाटेच्या बसने जात होता, घर चालवत होता, ते कुणीतरी एकदा त्याच्यासमोर बोलून दाखवायला हवं. त्याला बहुधा वाटत असेल की ते सगळे विसरले.

राहिली पाटली. पत्रात शेवटच्या ओळीत तू लिहिलंयस की त्याने परवा पीएफ काढायला ओटीपी मागितला, कारण नंबर तुझा जोडलेला आहे, आणि तू फोन बंद करून ठेवलास. ओटीपी दिला नाहीस ते बरोबर केलंस. तो पैसा आत्ता बाहेर यायला नको. त्याची उधारीही यापुढे तू परस्पर फेडायची नाहीस. उधारी फिटली की नवीन उधारी मिळते, एवढंच त्यातून होतं. कुणी दारात वसुलीला आलं तर बाबांना पुढे करा, आणि धमकी असेल तर पोलीस ठाण्यात जा. नवऱ्याला मात्र पाटलीचं या आठवड्यात सांग. सोनाराच्या पावतीवरून त्याला कळण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे. तो रागावेल, चार दिवस बोलणार नाही. पण भावाला हर्णैला सोडायला बाइकवरून कोण जाणार आहे, तूच सांग.

आणि फोन चालू कर. ओटीपी मागायला त्याचा पुन्हा फोन येईल. नाही म्हण, आणि मग जेवलास का ते विचार.